कोड खरवडण्याआधी जरा थांबा!

मुलांना वाढदिवसाला काय द्यायचे, हा प्रश्न पूर्वी फार सोपा होता. क्रिकेटची बॅट, कंपासपेटी, नाहीतर शर्टाचे कापड. आता आठवीतला मुलगा सरळ सांगतो, ‘‘आई, मला कोड दे.’’ कोड म्हणजे काय, तर एक छोटेसे कार्ड किंवा नुसताच एक ई-मेल, आणि त्यात इंग्रजी अक्षरे व आकडे यांची एक रांग. हजार-दोन हजार रुपये मोजून आपण ती रांग विकत घेतो, मुलाच्या हाती देतो आणि पोळ्या लाटायला स्वयंपाकघरात परततो. पुढचे त्याचे तो बघतो.

भगिनींनो, माझे म्हणणे एवढेच, की पुढचेही आपण बघावे. भाजीवाल्याने काटा जरा तिरका धरला, तरी आपण त्याला टोकतो ना? इथे तर काटाच दिसत नाही! पैसे गेले कुठे, जमा झाले कुणाच्या नावावर आणि त्या बदल्यात घरात आले काय, हे पैसे देणारीला ठाऊक नको का? आणि हे समजून घ्यायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. बँकेची स्लिप भरता येणाऱ्या कुठल्याही बाईला हे जमेल.

कोड म्हणजे नोटच

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच ही टीव्हीवर किंवा हातात धरून खेळण्याची यंत्रे. त्यांना कन्सोल म्हणतात. पूर्वी प्रत्येक खेळाची तबकडी किंवा कॅसेट मिळे. ती शेजारच्या मुलाला वाचायला दिलेल्या पुस्तकासारखी देता-घेता यायची, जुनी झाली की विकताही यायची. २०२० सालच्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ बाजारात आले, तेव्हा त्याची ‘डिजिटल एडिशन’ही निघाली. तिला तबकडी घालायची फटच नाही. एक्सबॉक्स सिरीज एस या यंत्रालाही ती नाही. अशा यंत्रात खेळ आणायचा तर तो कंपनीच्या इंटरनेटवरील दुकानातूनच आणावा लागतो, आणि त्या दुकानात पैसे भरण्याचा एक मार्ग म्हणजे हा कोड.

प्लेस्टेशनचा कोड १२ अक्षरांचा, निन्टेन्डोचा १६ आणि एक्सबॉक्सचा २५ अक्षरांचा असतो. तो दुकानात घालणे याला मुले ‘रिडीम करणे’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर वटवणे. चेक वटवतो तसाच. फरक एवढाच, की चेकवर नाव असते, कोडवर कुणाचेच नाव नसते. जो आधी घालील त्याचा तो झाला! म्हणून कोडला रोख नोटेसारखे जपावे. कार्डाचा पांढरा-करडा थर खरवडून त्याचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकणे म्हणजे पाचशेच्या चार नोटा जिन्यात ठेवून येण्यासारखे आहे.

कोडचे मुख्य प्रकार तीन. पहिला पैशांचा. तो वटवला की तेवढी रक्कम दुकानातल्या आपल्या खात्याच्या ‘वॉलेट’मध्ये, म्हणजे पाकिटात जमा होते. दुसरा एखाद्या ठराविक खेळाचा. तिसरा वर्गणीचा, म्हणजे प्लेस्टेशन प्लस किंवा गेम पास यांसारख्या योजनांचा. शक्य असेल तेव्हा पहिला प्रकार घ्यावा, असे मी सुचवीन. कारण सांगते. पाकिटातल्या पैशांनी प्लेस्टेशनच्या दुकानातून खेळ घेतला आणि तो उतरवून घ्यायला, म्हणजे डाउनलोड करायला, अजून सुरुवात केली नसेल, तर १४ दिवसांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. पैसे पाकिटात परत येतात. ठराविक खेळाचा कोड मात्र एकदा वटवला की वटवला. पण एक लक्षात ठेवा, पाकिटात गेलेले पैसे पुन्हा रोख होऊन आपल्या हाती येत नाहीत. तेव्हा लागेल तेवढ्याच रकमेचे कार्ड घ्यावे.

आधी खाते, मग कोड

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. कोड यंत्रात जमा होत नाही, खात्यात जमा होतो. एकाच यंत्रावर मोठ्या भावाचे एक, धाकट्याचे एक आणि सुट्टीत आलेल्या मामेभावाचे एक अशी तीन खाती असू शकतात. त्या क्षणी ज्याचे खाते उघडे असेल, त्याच्या नावावर पैसे पडतात आणि ते दुसऱ्याच्या खात्यात हलवता येत नाहीत. दोन भावांची भांडणे सोडवून दमलेल्या आईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको!

दुसरी गोष्ट देशाची. खाते उघडताना जो देश लिहिला, त्याच देशाचे कार्ड तिथे चालते. पूर्वी रेशनकार्ड ठरलेल्या दुकानातच चाले ना, तसेच हे. न्यू जर्सीचा काका प्रेमाने ५० डॉलरचे कार्ड पाठवतो किंवा दुबईची आत्या तिथल्या दिरहमचे, आणि भारतातल्या खात्यावर ते घेतलेच जात नाही. पोरगा हिरमुसतो, काकाला वाईट वाटते. म्हणून परदेशच्या नातेवाइकांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे, ‘‘कार्ड पाठवू नका, पैसे पाठवा. रुपयांचे कार्ड आम्ही इथेच घेऊ.’’ असे कार्ड आलेच, तर ते खरवडू नये, वटवायचा प्रयत्नही करू नये. पाठवणाऱ्यालाच कळवावे, म्हणजे ते तिकडे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट जन्मतारखेची. पुष्कळ मुले खाते उघडताना वय वाढवून सांगतात. मग दुकान त्यांना प्रौढ समजते आणि आईबापांनी घालायच्या मर्यादा तिथे लागूच होत नाहीत. खरी जन्मतारीख घातली, तर मुलाचे खाते घरातल्या मोठ्या माणसाच्या खात्याला जोडता येते. प्लेस्टेशनवर त्या मोठ्या माणसाला ‘फॅमिली मॅनेजर’ म्हणतात. मुलाची खरेदी मॅनेजरच्या पाकिटातून होते, महिन्याला किती खर्च चालेल हे मॅनेजरच ठरवतो आणि कुठल्या वयापर्यंतचे खेळ दिसावेत हेही. आता मला सांगा, घरखर्चाची वही जी लिहिते, तिच्याहून चांगला मॅनेजर घरात कोण सापडणार? ही जागा आपणच घ्यावी.

कोड वटवायचा कसा?

प्लेस्टेशन ५ वरची रीत सांगते. बाकी यंत्रांवर नावे थोडी बदलतात, पण मार्ग साधारण असाच.

१. ज्याच्या नावावर जमा करायचे, त्याचेच खाते उघडे आहे ना, हे आधी बघावे.

२. पहिल्या पडद्यावरून ‘प्लेस्टेशन स्टोअर’मध्ये जावे.

३. वरच्या बाजूला तीन टिंबांची खूण दिसेल. ती दाबली की ‘रिडीम कोड’ असे येते.

४. बारा अक्षरे सावकाश घालावीत. एकाने वाचावे, दुसऱ्याने घालावे, म्हणजे चूक होत नाही. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘बी’ आणि आठ यांत हटकून गफलत होते. एक्सबॉक्सच्या कोडमध्ये मात्र इंग्रजी स्वर तसेच एल, एन, एस ही अक्षरे आणि ०, १, ५ हे आकडे वापरतच नाहीत. तिथे तसे काही दिसले, तर आपण चुकीचे वाचतो आहोत असे समजावे.

५. शेवटी किती रक्कम किंवा कुठला खेळ जमा होणार हे पडद्यावर येते. ते नीट वाचून मगच होकार द्यावा.

कार्ड आणि पावती लगेच केरात टाकू नयेत. खेळ प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत ती डब्यात राहू द्यावीत. आणि हो, कोड वटला म्हणजे खेळ घरात आला असे नाही. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. मोठे खेळ ५० ते १०० जीबीचे, कधी त्याहूनही मोठे असतात. इंटरनेटच्या योजनेला मर्यादा असेल, तर महिन्याचा निम्मा डेटा एका रात्रीत संपायचा!

नाही चालला तर?

‘चुकीचा कोड’ असे आले, तर अक्षरे पुन्हा तपासावीत. पण चिडून दहा वेळा घालत बसू नये, दुकान काही काळ दार बंद करू शकते. ‘आधीच वापरलेला’ असे आले, तर घरातल्या दुसऱ्या खात्यात तो गेला आहे का ते बघावे आणि तसे नसेल, तर पावती घेऊन विक्रेत्याकडे जावे. कार्डाचा थर आधीच खरवडलेला असेल, तर ते घेऊच नये. वर्गणीच्या आणि भेट मिळालेल्या कोडवर अनेकदा मुदत छापलेली असते. लोणच्याच्या बरणीवरची तारीख बघतो, तशी ती बघून घ्यावी.

‘स्वस्त’ कोडची किंमत

निम्म्या किमतीत कोड देणारे पुष्कळ भेटतात. चोरलेल्या बँक कार्डांवर घेतलेले कोड असे फिरत असतात. २०१५ सालच्या जानेवारीत यूबीसॉफ्ट कंपनीने संगणकावरच्या खेळांचे असे कितीतरी कोड रद्द केले होते. घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते, चोरी त्यांनी केली नव्हती. तरी फटका बसला तो त्यांनाच.

‘फुकट कोड बनवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये. असे यंत्र कुठेही नाही. त्यांना हवा असतो तो तुमच्या मुलाचा पासवर्ड. आणि फोनवरून कुणी पोलीस, बँक किंवा वीज कंपनीचे नाव सांगून ‘गिफ्ट कार्डाचे नंबर वाचून दाखवा’ म्हणाला, तर तो लबाड आहे हे पक्के समजा. कुठलेही सरकारी खाते कार्डाच्या नंबरांवर पैसे घेत नाही. फसगत झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

घेतले म्हणजे नेमके काय घेतले?

हा प्रश्न मुलालाही विचारा. कोड वटवून आपण वस्तू विकत घेत नाही, खेळण्याची परवानगी विकत घेतो. दुकान किंवा कंपनी बंद झाली, तर ती परवानगी कोरडी पडू शकते. ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने बंद केला. ज्यांनी पूर्ण किंमत दिली होती, त्यांनाही तो पुढे खेळता आला नाही. निन्टेन्डोने थ्री-डीएस आणि वी-यू या जुन्या यंत्रांच्या दुकानांतली विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबवली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला, की आपण मालकी विकतो आहोत की परवानगी, हे अशा दुकानांनी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

म्हणून कोड घेऊच नयेत का? तसे मी म्हणणार नाही. सिनेमाचे तिकीट संपते म्हणून आपण सिनेमाला जायचे थांबत नाही. पण तिकिटाला तिकिटाचीच किंमत द्यावी, घराच्या कागदपत्रांची नव्हे.

शेवटी एक सांगते. मुले या बाबतीत फसतात ती बहुधा लोभाने किंवा घाईने, आणि फसल्यावर गप्प बसतात ती आपल्या भीतीने. त्या गप्प बसण्यातच चोराला वेळ मिळतो. तेव्हा पहिला कोड देतानाच मुलाला सांगून ठेवावे, ‘‘काही बिघडले तर त्याच क्षणी मला सांग. आधी फोन करू, रागवायचे मग बघू.’’ आणि हा शब्द मात्र आपण पाळायला हवा, बरं का! पुढच्या वेळी कार्ड आणाल तेव्हा ते नुसते मुलाच्या हाती देऊ नका. पोळ्या अर्धा तास उशिरा झाल्या तर चालतील. त्याच्याशेजारी बसा, त्याला अक्षरे वाचू द्या आणि बटणे तुम्ही दाबा.