सगळ्यांत तंदुरुस्त खेळाडू कोणता?

बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस धावताना २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडतो. २०२४मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये त्याने ही शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्याच्या खेळात एक पाऊलही धावावे लागत नाही. मग या दोघांत जास्त तंदुरुस्त कोण?

प्रयोगशाळेत दम मोजायचे प्रचलित माप म्हणजे व्हीओटू मॅक्स: पूर्ण जोर लावला असताना शरीर मिनिटाला, दर किलो वजनामागे, किती मिलिलीटर प्राणवायू वापरते. सरावाची सवय नसलेल्या निरोगी तरुणात हा आकडा साधारण चाळीस-पंचेचाळीस असतो. बर्फावर लांब पल्ल्याचे स्कीइंग करणारे अव्वल पुरुष खेळाडू ऐंशीच्या वर जातात. या मापाने साबळेसारखे धावपटू सहज पुढे राहतील.

पण भागाकार वजनाने होतो, आणि तिथेच पैलवान मागे पडतो. जोर-बैठका मारून कमावलेले खांदे आणि मांड्या कुस्तीत त्याची पुंजी असतात, या हिशेबात मात्र तेच वजन आकडा खाली ओढते. फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. त्यात स्नायू वारंवार प्राणवायूच्या पुरवठ्यापलीकडची ऊर्जा खर्च करतात, पेटतात, आणि तरीही पकड सुटू द्यायची नसते. त्या मिनिटांत मॅरेथॉनपटूचा दम फारसा कामी येणार नाही.

नेमबाजाची कसोटी आणखी वेगळी. आठ किलोपर्यंतची रायफल पेलून उभे राहायचे, तर पाठ, पोट आणि खांदे तासन्‌तास स्थिर ठेवण्याइतके कणखर लागतात. श्वासाने, अगदी हृदयाच्या ठोक्यानेही नळी हलते. म्हणून त्याला शांत नाडी आणि ताब्यातला श्वास कमवावा लागतो.

एका खेळाचे माप दुसऱ्याला लावले की काय होते, हे क्रिकेटने पाहिले आहे. यो-यो चाचणी डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी फुटबॉल डोळ्यांपुढे ठेवून घडवली: वीस मीटर जायचे, वीस मीटर यायचे, दहा सेकंद विसावा, आणि वेग वाढतच जातो. भारतीय संघासाठी २०१८मध्ये १६.१ ही पातळी ठरलेली होती, म्हणजे एकूण ११२० मीटर. २०१८च्या आयपीएलमध्ये ६०२ धावा काढणारा अंबाती रायुडू या चाचणीत अडकला आणि इंग्लंड दौऱ्याला मुकला. क्षेत्ररक्षणासाठी आणि धावा पळून काढण्यासाठी दम हवाच. पण फलंदाजाची नजर आणि मनगट ही चाचणी मोजत नाही, आणि निवडीचे दार एवढ्या एका आकड्यावर बंद करणे अन्यायाचे आहे.

अनेक गुणांची एकत्र परीक्षा घेणारा खेळही आहे: डेकॅथलॉन. दोन दिवस, दहा प्रकार. फ्रान्सच्या केविन मेयरने २०१८मध्ये त्यात ९१२६ गुणांचा विश्वविक्रम केला. त्या वेळी तो १०० मीटर १०.५५ सेकंदांत धावला. उसेन बोल्टचा विश्वविक्रम ९.५८चा. १५०० मीटरला त्याला ४ मिनिटे ३६.११ सेकंद लागले. मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजचा विक्रम ३ मिनिटे २६ सेकंदांचा. मात्र मेयरने त्याच दोन दिवसांत भाला ७१.९० मीटर फेकला आणि पोल व्हॉल्टमध्ये ५.४५ मीटरची उंची पार केली.