डभोई स्टेशन : जिथे रेल्वे बैलांनी ओढली

वडोदऱ्याहून रेल्वेने केवडियाचा पुतळा पाहायला निघालात, की वाटेत डभोई जंक्शन लागतं. बहुतेक जण मोबाइलमधून मान वर करत नाहीत. पुढच्या वेळी जरूर करा, कारण हे स्टेशन आपल्या गायकवाडांच्या राज्यातलं आहे.

डभोई म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातली डभई. थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची १७३१ची लढाई इथलीच. पण गावाचं दुसरं मोठेपण रुळांवरचं आहे.

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ मध्ये. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम असा स्वतःचा लोहमार्ग सुरू केला. कापसाच्या या टापूला मुंबईकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाशी जोडायचं होतं. भारतातल्या संस्थानिकाची ही पहिली रेल्वे, आणि देशातली पहिली नॅरोगेजही. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट!

गंमत म्हणजे गाडी ओढायला होते बैल. इंजिनाचा भार सोसवेल इतके ते रूळ मजबूत नव्हते. पुढे जड रूळ टाकले आणि १८७३ मध्ये मार्ग नव्याने खुला झाला. मग फाटे वाढत गेले. मियागाम, वडोदऱ्याचं प्रतापनगर, चांदोद, बोडेली-छोटा उदेपूर आणि सामलाया अशा पाच दिशांना डभोईहून छोट्या गाड्या सुटू लागल्या.

यातली चांदोदची गाडी आपल्या घरांना जवळची. नर्मदास्नान, श्राद्धकर्म किंवा टेंबे स्वामींच्या गरुडेश्वराची वाट, सगळ्यांसाठी डभोईला गाडी बदलायची. डबे लहान, वेग बेताचा. पोचेपर्यंत घरचे दशम्या-चटणीचे डबे रिकामे व्हायचे.

चांदोदचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. जानेवारी २०२१ पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जातात. सोय झाली, हे खरंच. पण अडीच फुटी रूळ उखडले गेले आणि त्या गाडीत बसलेली माणसंही आता थकत चालली आहेत. जुनी छोटी इंजिनं प्रतापनगरच्या रेल्वे उद्यानात बघायला मिळतील. त्या प्रवासाच्या गोष्टी मात्र घरातच आहेत. या रविवारी आजी-आजोबांना विचारा, ‘चांदोदला कसे जायचात?’ आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.