नागीण आणि वृद्धावस्थेतील पेशींचा संकेतव्यवहार

छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूस पट्ट्यासारखे पाणीदार फोड उठून असह्य आग होते, त्या विकारास मराठीत नागीण म्हणतात. नागिणीने कमरेस पूर्ण वेढा घातला, तिच्या तोंडाला शेपूट मिळाली, की रोगी दगावतो, अशी जुनी समजूत आहे. वस्तुतः हा वेढा सहसा पुरा होतच नाही. कारण फोड एकाच मज्जातंतूच्या क्षेत्रात उठतात आणि ते क्षेत्र शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. मात्र हा विकार उतारवयातच विशेष का आढळावा, हा प्रश्न विचारार्ह आहे.

इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथे वैद्यकी करणारे डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी १९६५ साली या प्रश्नाची उपपत्ती मांडली. १६ वर्षांत पाहिलेल्या १९२ रोग्यांच्या नोंदींवरून त्यांनी असे प्रतिपादिले की, बालपणी कांजिण्या आणणारा विषाणूच पुढे मज्जारज्जूलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो. शरीराची प्रतिकारक्षमता त्यास आवरून धरते. ती ओसरली की तो पुन्हा डोके वर काढतो.

परंतु ओसरते म्हणजे नेमके काय होते? या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे वृद्धांच्या रक्तातही बहुतांशी टिकून असतात. क्षीण होते ते टी-पेशींचे कार्य. या पेशी उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथीत परिपक्व होतात. या ग्रंथीचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली नवजात उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. तिचे मराठी नावच तिचे भवितव्य सांगते: वयाबरोबर तिच्या ऊतकाची जागा चरबी घेते व नव्या टी-पेशींचा पुरवठा आटत जातो. मग भिस्त राहते ती जुन्या पेशींवर, आणि त्यांची संकेत ग्रहण करण्याची शक्तीही पूर्ववत राहत नाही.

टी-पेशी कामास लागावयाची तर तिला दोन संकेत मिळावे लागतात. तिच्या पृष्ठावरील ग्राहीने परक्या प्रथिनाचा तुकडा ओळखणे, हा पहिला. तो तुकडा पुढे करणाऱ्या पेशीने सीडी-२८ नामक रेणूच्या द्वारे अनुमोदन देणे, हा दुसरा. स्वतःच्याच शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज होय. दोन्ही संकेत जुळले, की आतील प्रथिने फॉस्फेटच्या देवघेवीने एकापुढे एक निरोप पोचवितात आणि पेशी बहुप्रसव होते. वृद्धावस्थेत अनेक टी-पेशींवरून, विशेषतः मारक पेशींवरून, सीडी-२८ नाहीसा होतो. शिवाय २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, वृद्धांच्या काही टी-पेशींत एका सूक्ष्म आरएनएचे प्रमाण घटते. त्यामुळे फॉस्फेट काढून घेणारे एक प्रथिन वाढते आणि निरोप वाटेतच विझतो. म्हणजे शब्द उच्चारला जातो, परंतु त्याचा अर्थ पोचत नाही.

दोष संकेताचा असेल, तर उपायही संकेत बळकट करणारा हवा. याची प्रचीती लसींच्या इतिहासात येते. क्षीण केलेल्या सजीव विषाणूच्या लसीची परीक्षा २००५ साली प्रसिद्ध झाली. साठ ते एकोणसत्तर वर्षांच्या व्यक्तींत तिने नागिणीचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटविले. सत्तरीपुढे मात्र केवळ ३८ टक्क्यांनी. पुढील लसीत विषाणूचे एकच प्रथिन होते, पण त्यास एका सहायक द्रव्याची जोड होती. चिलीतील किलाया वृक्षाच्या सालीतील एक घटक आणि एका जीवाणूच्या आवरणातून मिळविलेले स्निग्ध द्रव्य यांचे ते मिश्रण होय. ते तुकडा पुढे करणाऱ्या पेशींना चेतविते व दुसरा संकेत प्रबळ करते. २०१५ व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षांत ही लस पन्नाशीपुढील व्यक्तींत ९७ टक्के, तर सत्तरीपुढेही सुमारे ९० टक्के परिणामकारक ठरली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोपलेली ग्रंथी लसीने परत येत नाही, हे खरे. तथापि वृद्ध शरीराची दुर्बलता ही सर्वस्वी शक्तीची नव्हे. ती अंशतः श्रवणाची आहे. पुरेशा स्पष्ट स्वरात हाक दिली, तर जुन्या पेशी अजूनही उठतात. म्हणून ‘आता वय झाले’ एवढ्यावर वृद्धांच्या व्याधीचा विचार संपवणे शास्त्रास धरून नाही.