हळकुंड मोडून पाहावे

‘पी हळद अन् हो गोरी’ असे म्हणून आपल्याकडे उतावळ्या माणसाची थट्टा करतात. आज हीच गोष्ट थट्टेवारी न राहता मोठ्या गांभीर्याने आपल्या मोबाइलवर येऊन पोहोचते. हळदीने कर्करोग बरा होतो, मधुमेह मुळासकट जातो, असे संदेश रोज फिरत असतात. सांगली ही तर हळदीची पेठ. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याच मालाची स्तुती कानी पडली की मन सुखावते आणि चिकित्सक बुद्धी डोळे मिटते. यास्तव इंटरनेटवरील आरोग्यविषयक माहिती कशी पारखावी हे पाहण्यासाठी आपण हळदीचेच उदाहरण घेऊ.

सौद्यात बसणारा जाणता व्यापारी ढिगाच्या रंगावर विसंबत नाही. वरची चकाकी पॉलिशनेही येते, हे त्याला ठाऊक असते. तो हळकुंड मोडतो आणि आतला गाभा पाहतो. आपणही तसेच करू.

या संदेशांत एक पुरावा हटकून येतो : ‘अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले होते, म्हणजे तिची शक्ती त्यांनीही ओळखली!’ ही हकिकत खरी आहे. पण तिचा अर्थ निराळा आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठातील दोघा संशोधकांना मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली, जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तेथे निवाडा झाला तो एवढाच, की हा उपयोग नवा नाही, भारतीयांना तो पूर्वीपासून माहीत आहे. हळदीने कोणता रोग बरा होतो, हा प्रश्न त्या निवाड्यात नव्हताच. ‘जुने आहे’ याचे ‘सिद्ध झाले आहे’ असे रूपांतर संदेश लिहिणाराने मधल्या मध्ये केले.

दुसरा पुरावा ‘शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा’. यातही अर्धे सत्य आहे. हळदीतील कुर्क्युमिन या द्रव्याने काचेच्या बशीत वाढविलेल्या कर्करोगाच्या पेशी मरतात, असे प्रयोग पुष्कळ झाले. परंतु बशी म्हणजे देह नव्हे. पोटात घेतलेले कुर्क्युमिन रक्तात फार थोडे उतरते आणि जे उतरते त्याचे शरीर लवकरच विघटन करते. खरी परीक्षा रोग्यांवरच व्हावी लागते. काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी द्यावयाची, आणि कोणाला काय दिले हे रोग्यालाही ठाऊक नसावे व तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसावे. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर अमेरिकन नियतकालिकाने कुर्क्युमिनचा आढावा छापला. एकशे वीसहून अधिक चाचण्या झाल्या, तथापि या कडक पद्धतीची एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असा त्यातील निष्कर्ष होता. गुडघेदुखीत थोडा उतार पडल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे, हेही सांगितले पाहिजे. पण ‘थोडा उतार’ आणि ‘गुडघे नवे झाले’ यांत अंतर आहे.

कोणी म्हणेल, खरे नसले तरी बिघडते काय? आमटीतल्या चिमूटभर हळदीने काहीच बिघडत नाही. परंतु अर्क काढलेल्या, मिऱ्याच्या सत्त्वाने अधिक शोषल्या जाणाऱ्या गोळ्या ही गोष्ट वेगळी. अशा हळदीच्या गोळ्यांनी यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केली. त्यांतील एक दगावला. याहून मोठी हानी वेळेची. ज्या मिरजेत १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले आणि जेथे दूरदूरचे रोगी येत राहिले, तिच्या शेजारी राहून छातीतली गाठ घेऊन कोणा भगिनीने सहा महिने हळदीच्या काढ्यावर काढावे, यासारखे दुर्दैव नाही. पहिल्या अवस्थेत जी गाठ काढून टाकता येते, ती तोवर पसरलेली असू शकते.

तेव्हा कोणत्याही माहितीस चार प्रश्न विचारावेत. सांगतो कोण? कशाच्या आधारावर? केव्हाचे? आणि यात लाभ कोणाचा?

पहिल्या व तिसऱ्या प्रश्नासाठी सातारा जिल्ह्यातील वाईकडे पाहा. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. आज तो इंटरनेटवर सर्वांस खुला आहे. नोंदीखाली लेखकाचे नाव असते. नाव देणारा जबाबदारी घेतो. निनावी संदेशाला जाब विचारता येत नाही. मात्र कोशाचा पहिला खंड १९७६ चा, हेही ध्यानात ठेवावे. त्या काळी जठरव्रणाचे खापर जगभर आम्लावर व चिंतेवर फोडले जाई. पुढे मार्शल व वॉरन यांनी त्यामागचा जंतू दाखविला आणि २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथ कितीही प्रामाणिक असो, वैद्यकात त्याची तारीख पाहिलीच पाहिजे.

लाभाच्या प्रश्नाला तर कायद्याचीच साथ आहे. कर्करोग, मधुमेह यांसारखे रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केली. असा दावा आणि शेजारी विक्रीचा फोन नंबर दिसला, की तेथेच थांबावे.

मग पाहावे कोठे? जागतिक आरोग्य संघटना, आपले आरोग्य मंत्रालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘मेडलाइनप्लस’ ही भरवशाची ठिकाणे होत. त्यांतील पुष्कळसा मजकूर इंग्रजीत आहे. घरातील शिकत्या मुलामुलींकडून तो समजून घ्यावा. वाचलेले कागदावर टिपून डॉक्टरांपुढे ठेवावे आणि निःसंकोच विचारावे. वाचनाने प्रश्न नीट विचारता येतो. नाडी पाहण्याचे काम मात्र डॉक्टरांचेच. आणि जो संदेश या चार प्रश्नांना उतरत नाही, तो पुढे न पाठविणे एवढे तर आपणा प्रत्येकाच्या हातात आहे.