आगीनंतरचा विमा दावा : वाद उद्भवल्यास काय करावे?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात आगीच्या बातम्या नवीन राहिलेल्या नाहीत. 30 ऑगस्ट 2023 रोजी पूर्णानगर येथे हार्डवेअरच्या दुकानाला लागलेल्या आगीत तेथेच राहणाऱ्या एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी 8 डिसेंबर रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजा-मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि सहा स्त्री-कामगारांनी घटनास्थळीच प्राण गमावले. डिसेंबर 2024 मध्ये चिखली-कुदळवाडी येथील भंगाराच्या गोदामांना मोठी आग लागली. गेलेले जीव कोणत्याही भरपाईने परत येत नाहीत. परंतु जे वाचतात त्यांच्यापुढे दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभे राहतात. घर पुन्हा कसे उभारायचे? बँकेचा हप्ता कसा भरायचा? कामगारांचा पगार कोठून द्यायचा?

ज्यांनी विमा उतरविलेला असतो त्यांना या प्रश्नांचे उत्तर आपल्या हाती आहे असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा येथूनच दुसरी परीक्षा सुरू होते. कंपनी दावा नाकारते, निम्मीच रक्कम देऊ करते किंवा महिनोन्‌महिने कागदपत्रे मागत राहते. अशा वेळी सर्वसामान्य विमाधारक एकतर हताश होतो किंवा मिळेल ते घेऊन गप्प बसतो. या दोन्हींची आवश्यकता नाही. विम्याच्या वादाचा निकाल बहुधा आगीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ठेवलेल्या, किंवा न ठेवलेल्या, कागदांवर अवलंबून असतो. पुढील माहिती त्याच दृष्टीने दिली आहे.

आपली पॉलिसी कोणती?

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने आगीच्या विम्यासाठी तीन प्रमाणित पॉलिसी लागू केल्या आहेत. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणची एकूण मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि 5 ते 50 कोटींपर्यंतच्या व्यवसायांसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. भोसरी, चिंचवड किंवा चाकणमधील बहुतेक छोटे वर्कशॉप दुसऱ्या प्रकारात मोडतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या भागात खाली दुकान व वर किंवा मागे राहते घर अशी रचना सर्रास आढळते. घराची पॉलिसी दुकानातील मालाला लागू होत नाही आणि दुकानाची पॉलिसी घरातील संसाराला लागू होत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे संरक्षण घ्यावे आणि जागेचा वापर प्रस्तावात खरा लिहावा. त्याचप्रमाणे माल दुसऱ्या गाळ्यात हलविला असेल तर तो पत्ता पॉलिसीवर नोंदवून घ्यावा. नोंद नसलेल्या जागेत जळालेला माल हे दावा नाकारण्याचे एक नेहमीचे कारण असते.

आगीची पॉलिसी मालमत्तेसाठी असते, माणसांसाठी नव्हे. कामगाराला इजा झाल्यास किंवा त्याचा मृत्यू झाल्यास भरपाईचा मार्ग राज्य कामगार विमा योजना किंवा कामगार-भरपाईच्या कायद्यातून जातो. तो स्वतंत्रपणे अवलंबावा.

पहिल्या काही दिवसांत करावयाच्या गोष्टी

1. अग्निशमन दलाला 101 क्रमांकावर कळविले जातेच. आग विझल्यानंतर संबंधित केंद्राकडे लेखी अर्ज करून आगीचा अहवाल मागावा. पोलीस ठाण्यात नोंद करून पंचनाम्याची प्रत घ्यावी.

2. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. दूरध्वनी पुरेसा नाही. ई-मेल किंवा पोच घेतलेले पत्र हवे. ‘भारत गृह रक्षा’मध्ये नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांत दाव्याचा अर्ज द्यावा लागतो.

3. काहीही हलविण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, प्रत्येक यंत्राची छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी. यंत्रावरील क्रमांकाची पाटी वाचता आली पाहिजे.

4. जळालेला माल विकू नये. आग विझताच भंगार खरेदी करणारे दारात येतात आणि जागा मोकळी करण्याची घाई असते. परंतु सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी माल गेला तर नुकसानीचा पुरावाच गेला. धोकादायक भिंत पाडणे किंवा उरलेला माल पावसापासून झाकणे अवश्य करावे, मात्र आधी छायाचित्र आणि कंपनीला ई-मेल.

5. जळालेल्या वस्तूंची यादी करावी. वस्तू, खरेदीचे वर्ष, किंमत आणि पुरावा असे चार रकाने पुरेत. बिले जळाली असतील तर विक्रेत्याकडून प्रत, बँकेचा उतारा, जीएसटी विवरणपत्रे, सनदी लेखापालाकडील ताळेबंद यांवरून ती उभी करता येतात.

यादी करताना एका मोहापासून दूर राहावे. ‘कंपनी कापणारच, म्हणून थोडे वाढवून लिहू’ असा सल्ला देणारे भेटतात. दाव्यात खोटेपणा आढळला तर संपूर्ण दावाच बाद होऊ शकतो आणि खरे नुकसानही पदरात पडत नाही. बँकेला दिलेल्या मासिक साठा-पत्रकातील आकडा एक आणि हिशेबवहीतील दुसरा, अशी तफावतही सर्व्हेअर हटकून शोधतो.

सर्व्हेअर आणि त्याचा अहवाल

मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअर करतो. त्याची नेमणूक व मानधन कंपनीकडून असले तरी त्याने निःपक्षपातीपणे मूल्यमापन करणे अपेक्षित असते. नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार नुकसान कळविल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमला जावा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवावा. विलंब झाल्यास ही मुदत पत्रात नमूद करून विचारणा करावी.

सर्व्हेअरला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. तोंडी बोलण्यानंतर ‘आज आपण अमुक कागद मागितले, ते सोबत देत आहे’ असा ई-मेल पाठवावा. अहवालाची प्रत लेखी मागावी. तो वाचल्यावाचून कंपनीने रक्कम का कापली हे कळत नाही.

सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम नसतो. 2009 मध्ये ‘न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. त्याच वर्षी ‘श्री व्यंकटेश्वरा सिंडिकेट’ प्रकरणात न्यायालयाने असेही सांगितले की, आपल्याला सोयीचा अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमत राहणे कंपनीला शोभत नाही. पहिला अहवाल नाकारायचा तर सबळ कारण हवे.

वादाची नेहमीची कारणे

*विमा रक्कम कमी असणे.* समजा, वर्कशॉपमधील मालमत्तेचे मूल्य 40 लाख रुपये आहे आणि हप्ता वाचविण्यासाठी विमा 20 लाखांचाच घेतला. आगीत 10 लाखांचे नुकसान झाले. विमाधारकाला वाटते, 10 लाख मिळतील, कारण ते 20 लाखांच्या आतच आहेत. परंतु निम्म्याच मूल्याचा विमा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे 5 लाख ठरते. यात फसवणूक नसते. हा विम्याचा जुना नियम आहे. मात्र सूक्ष्म व लघु उद्यम पॉलिसींत 15 टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते आणि ‘भारत गृह रक्षा’मध्ये अशी कपात करताच येत नाही. म्हणून कपात झाली असेल तर पॉलिसीचा प्रकार प्रथम तपासावा.

*आगीचे कारण.* ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली, म्हणून दावा बसत नाही’ असे तोंडी सांगितले जाते. व्यावसायिक पॉलिसीत सर्वसाधारणपणे ज्या विद्युत यंत्रात बिघाड झाला तेवढेच यंत्र वगळलेले असते. त्यातून पसरलेल्या आगीत जळालेला इतर माल, इतर यंत्रे व इमारत यांना संरक्षण असते. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘मुदित रोडवेज’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की, आगीने नुकसान झाल्याचे सिद्ध झाले आणि विमाधारकाने स्वतः आग लावल्याचा किंवा लबाडीचा आरोप नसेल, तर आग नेमकी कशाने लागली हा प्रश्न गौण ठरतो.

*अग्निसुरक्षेची कागदपत्रे.* महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना अग्निसुरक्षा यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावयाचे असते. ते नसल्यास कंपनीच्या हाती आयते कारण पडते. आणि दाव्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे कामगारांचे जीव त्यावर अवलंबून असतात.

*नवीन कारणे पुढे करणे.* दावा नाकारल्याच्या पत्रात जे कारण दिले नाही ते कंपनीला नंतर न्यायालयात मांडता येत नाही, असा निर्णय डिसेंबर 2019 मध्ये ‘सौराष्ट्र केमिकल्स’ प्रकरणात झाला. म्हणून नकार नेहमी लेखी व सकारण मागावा आणि ते पत्र जपून ठेवावे.

*कर्जाची बाब.* पॉलिसी अनेकदा बँकेनेच काढलेली असते आणि मूळ प्रत बँकेच्या कपाटात असते. तिची प्रत आजच मागून घ्यावी. भरपाईची रक्कम प्रथम बँकेकडे जाऊ शकते. त्यामुळे बँकेच्या व्यवस्थापकालाही लेखी कळवावे. बँकेलाही रक्कम हवी असल्याने ती आपल्या बाजूने पत्र देऊ शकते.

व्यावसायिकांसाठी आणखी एक सूचना. जळालेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. म्हणजे तेवढे नुकसान वाढते. विमा रक्कम ठरविताना आणि दावा करताना याबाबत करसल्लागाराचे मत घ्यावे.

सही करण्यापूर्वी

कंपनी देऊ करते त्या रकमेसाठी ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर सही मागितली जाते. हाती पैसा नसतो, कामगार वाट पाहत असतात आणि माणूस सही करून मोकळा होतो. 24 सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकात नियामकाने सांगितले आहे की, अशी पावती दिली म्हणून अधिक भरपाईसाठी दाद मागण्याचा विमाधारकाचा हक्क संपत नाही. तरीही नंतर ‘दबावाखाली सही केली’ असे केवळ म्हणणे न्यायालये पुरेसे मानत नाहीत. तो दबाव दाखवून द्यावा लागतो. म्हणून रक्कम स्वीकारायचीच असेल तर त्याच दिवशी ‘ही रक्कम आक्षेप राखून स्वीकारत आहे, उर्वरित अमुक रुपयांचा दावा कायम आहे’ असा ई-मेल पाठवावा. हे एक वाक्य पुढे फार उपयोगी पडते.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. तक्रार लेखी करावी. उत्तर न आल्यास नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या व्यवस्थेत किंवा 155255 या क्रमांकावर नोंद करता येते.

दुसरी पायरी विमा लोकपालांची. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. घराच्या पॉलिसीधारकांप्रमाणेच एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योगही तेथे जाऊ शकतात. नोव्हेंबर 2023 पासून 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. कंपनीने नकार दिल्यावर, किंवा तक्रारीला एक महिना उत्तर न दिल्यास, त्यानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असल्यास लोकपाल ते हाती घेत नाहीत. त्यामुळे आधी लोकपाल, नंतर आयोग हा क्रम सोयीचा.

तिसरी पायरी ग्राहक आयोगाची. 2019 च्या कायद्यानुसार आयोगाची पातळी दाव्याच्या रकमेवर नव्हे तर भरलेल्या हप्त्यावर ठरते. 50 लाखांपर्यंत हप्ता असलेली प्रकरणे जिल्हा आयोगात चालतात. म्हणजे आपल्या भागातील जवळजवळ प्रत्येक दावा पुणे जिल्हा आयोगासमोर जाऊ शकतो. ‘व्यवसायाचा विमा आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा आक्षेपही आता टिकत नाही. गुजरातमधील 2002 च्या दंगलीत जळालेल्या मालमत्तेबाबतच्या ‘हरसोलिया मोटर्स’ प्रकरणात एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक विमाधारकाला ग्राहक मानले. विमा नफा कमावण्यासाठी नव्हे, झालेले नुकसान भरून काढण्यासाठी असतो, हे त्यामागचे कारण.

मुदतीबाबत मात्र अत्यंत सावध राहावे. आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मर्यादा आहे. 1988 मध्ये जळालेल्या तंबाखूच्या साठ्यासाठी तब्बल नऊ वर्षांनी दाखल झालेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मुदतबाह्य ठरविली आणि मुदत आगीच्या दिवसापासून मोजली. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्या समजुतीवर थांबू नये. आगीच्या तारखेपासून दोन वर्षांची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि तिच्या बऱ्याच आधी वकिलाला भेटावे.

शेजाऱ्यांनी करावयाची मदत

आगीतून वाचलेले कुटुंब पहिले काही दिवस सुन्न असते. कपडे, धान्य, पैसे यांची मदत आपली माणसे तत्परतेने करतात. त्याच्या जोडीला कोणी त्यांच्यासाठी छायाचित्रे काढली, कंपनीला पहिला ई-मेल लिहून दिला, बँकेतून पॉलिसीची प्रत आणली, तर ती मदतही तेवढीच मोलाची ठरते. प्रत्येक धर्मग्रामात एखादे निवृत्त विमा कर्मचारी, सनदी लेखापाल किंवा वकील असतातच. त्यांचे दोन तास एखाद्या कुटुंबाची आयुष्याची कमाई वाचवू शकतात.

आणि ज्यांच्या घरी वा दुकानात आग लागलेली नाही, त्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे : पॉलिसी बाहेर काढून त्यावरील पत्ता, विमा रक्कम व मुदत तपासावी, महत्त्वाच्या बिलांची छायाचित्रे काढावीत आणि ती घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाच्या फोनमध्ये किंवा ई-मेलमध्ये ठेवावीत. घरातल्याच कपाटात ठेवलेला पुरावा घराबरोबरच जळतो.