रेहलच्या कमानीसाठी मशीन

मोहल्ल्यातल्या मकतबसाठी पंचवीस रेहली करून देण्याचं अब्बांनी कबूल केलं, तेव्हा किती काम आहे याचा आम्हाला कुणालाच अंदाज नव्हता. शाबान संपत आला तरी सोळाच तयार होत्या. कापायला वेळ लागत नव्हता, वेळ जात होता तो घासण्यात.

रेहल एकाच फळीतून निघते. मधोमध पटाशीने एकमेकांत अडकणारे दाते कोरायचे, मग दोन्ही टोकांकडून करवतीने फळी जाडीत चिरत त्या दात्यांपर्यंत आणायची. ती उघडली की ना खिळा, ना बिजागरी. वर लहान लहान गोलाया, खाली पायांमध्ये मेहराबीसारखी कमान. बाहेरची सरळ कड रंध्याने साफ होते. कमानीच्या आत सपाट काहीच चालत नाही. अब्बा अम्मीच्या जुन्या लाटण्याला काचकागद गुंडाळून तासन् तास घासत. परभणीच्या उन्हात, मागच्या ओसरीवर. बोटं इतकी सुजली की वजू करताना मूठ नीट उघडेना. तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं, मशीन घ्यायचं.

या कामाच्या मशीनला स्पिंडल सँडर म्हणतात. टेबलातून एक उभा दांडा वर येतो, त्यावर रबराचा ड्रम आणि ड्रमवर काचकागदाची नळी. दांडा फिरतो आणि फिरता फिरता वर-खालीही होतो. हे वर-खाली होणंच महत्त्वाचं. नुसता फिरणारा ड्रम एकाच जागी घासतो, लाकडावर आडव्या रेघा उठतात, साग काळा पडतो आणि कागदाचा एकच पट्टा झिजून बाकीचा कोरा राहतो.

आधी आम्ही स्वस्तातला मार्ग पाहिला. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याच्या टेबल ड्रिलमध्ये ड्रम बसवला. दोन रेहली झाल्या, तिसरीला ड्रमसकट चकच निसटून टेबलावर आदळला. चूक आमची होती. ड्रिलची रचना वरून खाली दाब घेण्यासाठी असते. बाजूने सतत रेटलं की चक सैल होतो, बेअरिंगही लवकर जातं. कधीमधी एखादा तुकडा हलक्या हाताने घासायला ठीक, पंचवीस रेहलींना नाही.

मग जेद्दाहून सुटीवर येणाऱ्या मामूंनी तिथलं एक जुनं मशीन आणतो म्हटलं. आम्ही मोटरवरच्या पट्टीचा फोटो मागवला. आखातात नातेवाईक असलेल्यांनी एवढं जरूर करावं. सौदीची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ६० साठी बनलेली बिनब्रशची इंडक्शन मोटर इथे साधारण एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते. तिकडच्या जुन्या घरांतली काही यंत्रं तर १२७ व्होल्टची असतात. ती आपल्या २३० वर थेट लावली तर जळालीच समजा. मामू थोडे नाराज झाले. त्यांना म्हटलं, खजूर आणा.

दुकानदार आधी वॅट सांगतो. घरगुती कामाला साधारण ४५० वॅट आणि मिनिटाला २००० च्या आसपास फेरे पुरतात. आम्ही विचारत होतो ते वेगळंच. सर्वांत बारीक दांडा किती मिलिमीटरचा? कारण १३ मिलिमीटरचा दांडा साडेसहा मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईत उतरतो, त्याहून अरुंद खाचेत नाही. मोठ्या कमानीला मात्र बसेल तेवढा मोठा ड्रम घ्यावा, ५१ किंवा ७६ चा. बारीक दांड्याने कड लाटेसारखी होते. दुसरं, कागदाच्या नळ्या पुढच्या वर्षीही मिळतील का? आमच्याकडे त्या बाहेरूनच मागवाव्या लागतात. म्हणून मशीनसोबतच ८० आणि १२० नंबरच्या नळ्या जास्तीच्या घेतल्या.

तिसरा प्रश्न पुडीचा. खरं तर तो पहिला असायला हवा होता. ओसरीला लागूनच स्वयंपाकघर आहे, आणि अम्मीचा खोकला आम्ही महिनाभर हवापालट म्हणून सोडून दिला होता. लाकडाच्या पुडीने माणसाला कर्करोग होतो, विशेषतः नाकाचा, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात नोंदवलं आहे. करवतीचा भुसा खाली पडतो. सँडरची पूड पिठाहून बारीक, हवेत तरंगत राहते. म्हणून व्हॅक्यूम जोडायचं तोंड नसलेली मशीनं आम्ही बाजूलाच केली. शिवाय कामाची जागा ओसरीवरून अंगणातल्या पत्र्याखाली हलवली. अब्बा एन-९५ मास्क लावतात. कुरकुरत, पण लावतात.

राहिला पैसा. दुकानात ‘व्याजाशिवाय हप्ते’ अशी पाटी होती. विचारल्यावर प्रोसेसिंग फी निघाली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज बऱ्याचदा अशा फीच्या आड लपवलेलं असतं. सूद नको म्हणून हप्ते शोधायचे आणि नाव बदलून तेच घरी आणायचं, हे अब्बांना पटणारं नव्हतं. आम्हालाही नाही. आपाच्या भिशीत बोली लागत नाही, चिठ्ठी निघते. तिचा नंबर ईदनंतर होता. तोवर थांबलो. रमजानमध्ये मकतबची नऊ मुलं दोघांत एक रेहल वापरत होती, याचं अब्बांना फार लागलं.

मशीन शव्वालमध्ये आलं. उरलेल्या रेहली चार दिवसांत घासून झाल्या. लाकूड दांड्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवायचं, नाहीतर तो ते हातातून ओढून घेतो, हे अब्बा पहिल्याच दिवशी शिकले. शेवटचा २४० नंबरचा हात मात्र ते अजूनही स्वतःच फिरवतात, रेशांच्या दिशेने. अम्मीने लाटणं परत मागितलं आहे. अब्बा देतो म्हणतात.