नाद, नाइट आणि नांगर

नाटकानं पोट भरतं का, हा मराठवाड्यातल्या प्रत्येक नाटकवेड्या घरातला जुना प्रश्न. हिंगोलीतून निघून रंगमंचापर्यंत जाणाऱ्या वाटा आणि त्या वाटांवरचा हिशेब.

हिंगोलीत रामलीला मैदान कुठं आहे, हे लहान पोरगंही हात करून दाखवील. पुढाऱ्यांच्या सभा तिथं, दसऱ्याचं प्रदर्शन तिथं, पाळणे आणि खेळण्यांची दुकानं तिथं. खाकीबाबा मठाशी जोडलेला हिंगोलीचा दसरा दीडशेहून जास्त वर्षांचा. त्यातली रामलीला इतकी मुरली की गावातल्या मोकळ्या जागेला तिचंच नाव पडलं. म्हणजे ज्या मैदानावर आज मतं मागितली जातात, त्याच्या नावात मुळात एक नाट्यप्रयोग आहे.

शहरापासून थोड्याच अंतरावर नर्सी. संत नामदेवांचं जन्मगाव अशी त्याची ओळख. नामदेवांच्या नावाशी कीर्तन जोडलेलं आहे आणि कीर्तन म्हणजे एकट्या माणसाचं रंगमंचावरचं अवघड काम. गाणं, गोष्ट, विनोद, चार पात्रांचे चार आवाज, सगळं एकट्यानं सांभाळायचं. मागं टाळ आणि मृदंग. सप्ताहाच्या दिवसांत नावाजलेल्या महाराजांच्या तारखा वर्षभर आधी भरतात आणि त्यांना बिदागीही मिळते. समोर माणसं बसवून, बोलून आणि गाऊन पोट भरता येतं, हे या भागाला कुणी शिकवायला नको. तरीही पोरगं नाटकात जातो म्हणालं की घरात एकच शब्द निघतो: नाद. ‘लेकराला नाटकाचा नाद लागला.’ तेच लेकरू मालिकेत दिसलं की त्याच नादाला करिअर म्हणायला सुरुवात होते.

नाइटचा हिशेब

नाद आणि करिअर यांच्यात मूळ फरक हिशेबाचा आहे. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकात नटाला महिन्याचा पगार नसतो. त्याला मिळते ‘नाइट’, म्हणजे एका प्रयोगाचे ठरलेले पैसे. प्रयोग दुपारी चारचा असला तरी नाव नाइटच. मोठ्या नटाची नाइट मोठी, नवख्याची लहान. तालमीचे दिवस बहुतेक वेळा या हिशेबात धरलेच जात नाहीत. लेखकाला प्रयोगामागं मानधन मिळतं. नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, संगीतकार यांचं काम नाटक उभं करतानाचं, म्हणून त्यांचा मोबदलाही बराचसा सुरुवातीचा. पडद्यामागं सेट लावणारे, कपडे सांभाळणारे, हातातली प्रॉपर्टी वेळेवर पुढं करणारे यांचं गणित पुन्हा प्रयोगावर.

याचा अर्थ सरळ आहे. प्रयोग थांबला, की त्या दिवशी नायकापासून पेटीवाल्यापर्यंत सगळ्यांची मिळकत थांबते. जाहिरातीत शंभरावा, पाचशेवा प्रयोग इतक्या मोठ्या अक्षरांत छापतात, त्यामागं नुसता अभिमान नसतो. तितक्या वेळा वीस-पंचवीस घरांत पैसे गेलेले असतात. नाटक मुंबईतच का एकवटलं, याचंही उत्तर इथंच सापडतं. आठवड्याला चार-पाच प्रयोग लागतील इतकी नाट्यगृहं आणि तिकीट काढणारा प्रेक्षक एका टापूत असेल, तरच नाइटवर घर चालतं. हिंगोलीतून ते गणित जुळत नाही. म्हणून इथलं नाटक हौशी रंगभूमीवर जगतं. तिथं नाइट नसते. उलट खिशातून जातं.

सोयाबीन निघालं की तालीम

हौशी रंगभूमीचा कणा म्हणजे राज्य शासनाची मराठी नाट्य स्पर्धा. १९५४ पासून ती चालत आली आहे. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरपासून सुरू होते आणि ती वेळ या भागाला सोयीची. सोयाबीन काढून झालेलं असतं, हरभरा पेरून झालेला असतो आणि वसमतकडच्या हळदीच्या काढणीला अजून दोन-अडीच महिने असतात. संध्याकाळी शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालमी चालतात. हळद शिजवायच्या दिवसांत कुणी तालीम ठेवली, तर नाटकात निम्मी पात्रं गैरहजर.

नाटक बसलं म्हणजे संपलं असं नाही. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मग परभणी किंवा नांदेडसारखं केंद्र गाठायचं. सकाळी टेम्पो भरतो. प्लायवूडचे फ्लॅट नायलॉनच्या दोरीनं आवळलेले, त्यावर चादरी, म्हणजे रंग खरवडू नये. लेव्हल खाली, खुर्च्या उलट्या वर. क्रेपची दाढी-मिशी आणि ती चिकटवायचा गोंद वेगळ्या डब्यात. तो डबा कुणाच्या तरी मांडीवरच जातो, टेम्पोत टाकत नाहीत. संध्याकाळच्या तिसऱ्या घंटेपर्यंत सेट ठोकायचा, दिवे लावायचे, एकदा अंधार करून बघायचा. प्रयोग संपला की तासाभरात सगळं उतरवून रात्रीच परतीचा रस्ता, कारण सकाळी कुणाची शाळा असते, कुणाचं दुकान.

या टेम्पोत बसलेल्यांची कामं नीट बघितली, तर लहान गावातल्या नाटकाची अर्थव्यवस्था कळते. प्रकाशयोजना करणारा एरवी लग्नाच्या मांडवात लायटिंग लावतो. नेपथ्य करणाऱ्याचं सुतारकामाचं दुकान असतं. रंगभूषा करणारी ताई ब्युटी पार्लर चालवते. दिग्दर्शक बहुधा मास्तर. स्पर्धेत दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र बक्षिसं असतात, अभिनयाला रौप्यपदक असतं. त्या पदकानं घर चालत नाही. पण सुताराला नेपथ्यकार हे नाव मिळतं आणि ते गावात शेवटपर्यंत पुसत नाही.

मराठवाड्यानं काढलेल्या तीन वाटा

नादातून पोटाकडं जायच्या वाटा मराठवाड्यानं निरनिराळ्या काढल्या. पहिली, टोळीनं जाण्याची. औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या संस्थेतली मुलं ऐंशीच्या दशकात एकमेकांच्या आधारानं मुंबईला गेली. लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी ही जोडी त्यातलीच. १९९१ मध्ये त्यांचं ‘चारचौघी’ आलं. २०२२ मध्ये तेच नाटक, तोच लेखक, तोच दिग्दर्शक आणि नव्या नटसंचात रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे. नटी बदलल्या, नाटक राहिलं. लेखक-दिग्दर्शकाचं काम नटापेक्षा कमी दिसतं, पण जास्त टिकतं, ते असं.

दुसरी वाट एकट्याची. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ उभं केलं. बावन्न पात्रं, नट एक. यात कलेइतकाच व्यवहारही होता. संच नाही, सेटचा टेम्पो नाही, मोठं नाट्यगृह हवंच असंही नाही. ज्या गावाला पूर्ण संचाचं नाटक परवडत नाही, तिथं हे वऱ्हाड पोचलं. कीर्तनकार नेमका असाच हिंडतो, हे इथल्या प्रेक्षकाला वेगळं सांगायची गरज नव्हती. देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढं माजलगावच्या संदीप पाठक यांनी हा प्रयोग हाती घेतला.

तिसरी वाट सगळ्यांत अवघड: गाव न सोडण्याची. परभणीच्या पलीकडं, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून ते ठाऊक होतं. नाटकाच्या नकाशावर ते आणलं राजकुमार तांगडे या शेतकरी लेखकानं. त्यांचं ‘आकडा’ हे नाटक विजेच्या तारेवर टाकायच्या आकड्याचं. ज्याच्या शिवारात रात्री बाराला लाइट येते, त्यालाच सुचावं असं.

मग २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखन तांगडे यांचं, संकल्पना आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन बीड जिल्ह्यातल्या नंदू माधव यांचं. नटसंचात जालन्याकडचीच, शेतकरी घरांतली माणसं. नाटकात यम शिवाजी महाराजांचा जिरेटोप हातात घेऊन पृथ्वीवर फिरतो; तो नेमका बसेल असं डोकं त्याला शोधायचंय. शोधता शोधता तो भीमनगरात येतो आणि तिथं शिवाजी महाराज कुणाचे, या वादाचा फड रंगतो. गोविंद पानसरे यांनी १९८८ मध्ये ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्या पुस्तकात जो विचार मांडला, तो इथं पोवाड्यात, सवाल-जवाबात आणि जालन्याच्या बोलीत उतरला.

या नाटकामागच्या माणसांच्या वाटा एकत्र ठेवून बघण्यासारख्या आहेत. नंदू माधव त्याआधी २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये दादासाहेब फाळके झाले होते, सिनेमातून कमावलेलं नाव त्यांनी खेड्यातल्या नटांच्या पाठीशी उभं केलं. संभाजी भगत चळवळीत गाणारे शाहीर. पुढं २०१४ च्या ‘कोर्ट’ चित्रपटाचं संगीत त्यांनी केलं आणि गल्लीतला जलसा जगभरच्या पडद्यांवर गेला. या नाटकातला कैलाश वाघमारे हा तरुण नट २०२० मध्ये ‘तान्हाजी’त दिसला आणि २०२४ च्या ‘गाभ’मध्ये नायक झाला. राजकुमार तांगडे यांनी मात्र शेती आणि गावाची नाळ सोडली नाही. एकाच प्रयोगातून कुणी सिनेमात गेलं, कुणी गाण्यात, कुणी पुन्हा शिवारात. यातला यशस्वी कोण, हे ठरवायची घाई आपल्याला असते. पण गावात थांबलेल्या लेखकानं ती भाषा, ते भांडण आणि तो आकडा टिपला नसता, तर बाकीच्यांना घेऊन जायला नाटकच नसतं.

थांबणाऱ्यांचं काय?

जायच्या सोयी वाढल्या आहेत. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि हिंगोलीतल्या महाविद्यालयांची मुलं त्याच्या युवक महोत्सवात एकांकिका, मूकाभिनय घेऊन उतरतात. मुंबईची जनशताब्दी आता हिंगोली डेक्कन स्टेशनापर्यंत येते. ऑडिशनला निघणाऱ्याला आधी जालना गाठायची गरज उरली नाही. मोबाइलवर रील काढून हजारोंपर्यंत पोचणाऱ्या पोरांना तर नाट्यगृहाचीही वाट बघावी लागत नाही.

थांबणाऱ्यांसाठी सोय फार थोडी. वय पन्नासच्या पुढं गेलेल्या कलावंतांना शासनाच्या मानधन योजनेतून महिन्याला ५,००० रुपये मिळू शकतात. पण तो म्हातारपणाचा आधार झाला. तिशीतल्या नटाला लागतो प्रयोग. आणि प्रयोगाला लागतं दिवे-पडद्यानिशी तयार असलेलं, परवडणाऱ्या भाड्याचं सभागृह आणि शंभर रुपयांचं तिकीट काढायची प्रेक्षकाची सवय. स्पर्धेसाठी दोन महिने खपून बसवलेलं नाटक बहुतेक वेळा एकाच प्रयोगात संपतं. तेच नाटक सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत अशा तालुक्यांच्या ठिकाणी फिरलं, तर पाचव्या प्रयोगाला निदान टेम्पोचं भाडं तरी निघेल. व्यावसायिक रंगभूमीची सुरुवात यापेक्षा मोठ्या आकड्यानं झाली असेल असं नाही.

तोवर स्पर्धा संपते, टेम्पो परत येतो. फ्लॅटची प्लाय महिनाभर कुणाच्या तरी पडवीत उभी असते, मग कुणाच्या गोठ्याच्या दाराला लागते. आतल्या बाजूनं अजून खिडकी रंगवलेली असते, म्हशीला तिचं काही नसतं. आणि जूनमध्ये पोराला शाळेत घालताना फॉर्मवर ‘पालकाचा व्यवसाय’ असा रकाना येतो. नाटकवाला पेन घेतो आणि लिहितो: शेती. ते खोटं नसतं. अर्धं असतं, रकाना तेवढाच असतो.